शिवाजी पार्कचे मैदान : एका जुन्या छायाचित्राच्या निमित्ताने

दादर_पश्चिम (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात घरातील जुनी ट्रंक आवरताना माझ्या दिवंगत वडिलांचे एक कृष्णधवल छायाचित्र हाती लागले. पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात बॅट, एकाच पायाला पॅड आणि घोट्याच्या वर आलेले गवत. मागे तीन मजली इमारतींची ओळ दिसते आणि डाव्या कोपऱ्यात खांबासारख्या एका वस्तूची धूसर आकृती आहे. मागील बाजूस कोणीतरी पेन्सिलीने ‘पार्क’ एवढेच लिहून ठेवले आहे. आमच्या घरात ‘पार्क’ म्हणजे शिवाजी पार्क, त्यामुळे जागेविषयी मला शंका नाही. साल मात्र शोधायचे आहे, आणि त्या निमित्ताने या मैदानाचा खेळाच्या अंगाने इतिहास येथे मांडावा असे वाटले.

शिवाजी पार्कविषयी जे लिहिले जाते त्यात सभांना फार जागा मिळते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील आचार्य अत्र्यांची भाषणे, ३० ऑक्टोबर १९६६ रोजी झालेला शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा, दरवर्षी १ मे रोजी होणारे महाराष्ट्र दिनाचे संचलन, हे सर्व महत्त्वाचेच आहे. परंतु सभा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्टंप ठोकले जातात, तो इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. माझ्या वडिलांसारखी हजारो मुले या मातीत खेळली आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही धावफलकावर उरलेली नाहीत. हा धागा त्यांच्यासाठी आहे.

मैदान मुळात कसे आले, याची थोडी पार्श्वभूमी देतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या, हवा न खेळणाऱ्या वस्त्यांचे परिणाम सरकारला उघड दिसले. १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे ज्याला जुने लोक ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत, ते स्थापन झाले आणि शहराच्या उत्तरेकडे, दादर, माटुंगा, शीव या भागांत आखीव वस्त्या वसवण्याचे काम सुरू झाले. रुंद रस्ते, दोन इमारतींमध्ये ठरावीक अंतर आणि मध्ये मोकळी जागा हे या आखणीचे सूत्र होते. मुंबई महानगरपालिकेने १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. भोवतालच्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत उभ्या राहिल्या. म्हणजे वस्ती झाल्यावर तिच्यासाठी मैदान शोधले असे येथे घडले नाही. मैदान आधी आले आणि घरे त्याच्याकडे तोंड करून नंतर बांधली गेली. आजही जुन्या इमारतींच्या गॅलऱ्या मैदानाकडे उघडतात याचे कारण हेच आहे.

मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे २८ एकर आहे आणि त्याला वेढणारा कट्टा जवळजवळ १.१७ किलोमीटर लांबीचा आहे. या कट्ट्याविषयी मला विशेष आस्था आहे. हे कुंपण कोणाला अडवत नाही. त्यावर बसता येते, तो ओलांडता येतो, आणि चेंडू रस्त्यावर गेला तर कट्ट्यावरचा कोणीही अनोळखी माणूस तो परत फेकतो. या जागी उंच जाळी आणि कुलूपबंद फाटक असते, तर शिवाजी पार्क आज आहे तसे झाले नसते असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना साल ठरवण्यासाठी काही सुचवता येईल त्यांनी अवश्य लिहावे. माझा प्राथमिक अंदाज असा आहे की छायाचित्रात छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा दिसत नाही, आणि तो पुतळा लोकवर्गणीतून १९६६ साली उभा राहिला, म्हणून छायाचित्र त्यापूर्वीचे असावे.

---

अभिलेख

उत्तम विषय. नावाविषयी एक भर घालतो, कारण ती नेहमी राहून जाते. माहीम पार्कचे शिवाजी पार्क झाले ते १९२७ साली, आणि त्यासाठी महापालिकेत आग्रह धरणाऱ्या सदस्या अवंतिकाबाई गोखले होत्या. त्या काळी शिवजन्माचे वर्ष १६२७ मानले जात असे, त्यामुळे १९२७ हे त्रिशताब्दीचे वर्ष ठरले आणि नावाची मागणी त्या उत्सवाच्या वातावरणात पुढे आली. अवंतिकाबाई महापालिकेत बसणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी होत्या. चंपारणमध्ये गांधीजींबरोबर त्यांनी काम केले होते आणि हिंद महिला समाजाची स्थापनाही त्यांचीच. ज्या मैदानावर नंतरच्या काळात मुली अभावानेच दिसल्या, त्याला नाव मिळवून देणारी व्यक्ती एक स्त्री होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०२० साली महापालिकेने ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे पूर्ण नाव स्वीकारले.

छायाचित्राविषयी मात्र सावध राहावे. पुतळा दिसत नाही एवढ्यावरून ते १९६६ पूर्वीचे ठरत नाही. २८ एकरांच्या मैदानात कॅमेऱ्याचे तोंड दुसरीकडे असेल तर पुतळा आजही चौकटीत येणार नाही. मागच्या इमारतींपैकी एखादी ओळखता आली, तर कॅमेऱ्याची दिशा आधी निश्चित करता येईल.

---

रविवारची_मॅच

गवतावरून मला पावसाळा दिसतो, आणि शिवाजी पार्क व पावसाळा म्हटले की कांगा लीग आठवणारच. मी स्वतः खालच्या गटात नऊ हंगाम खेळलो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

डॉ. होरमसजी कांगा हे पारशी संघाचे नामवंत खेळाडू होते. त्यांच्या स्मरणार्थ १९४८ साली ही स्पर्धा सुरू झाली. जगात बहुतेक ठिकाणी पाऊस आला की क्रिकेट थांबते, मुंबईत मात्र पावसाळ्यासाठीच वेगळी स्पर्धा आहे. तिचे सामने आझाद मैदान, क्रॉस मैदान, माटुंगा आणि शिवाजी पार्क अशा ठिकाणी होतात. खेळपट्टी झाकलेली नसते. पहाटे सर येऊन गेलेली असते, दहा वाजता ऊन पडते, आणि त्या अर्ध्या वाळलेल्या मातीवर एक चेंडू पायाच्या अंगठ्याशी सरपटत येतो, तर त्याच टप्प्यावरचा पुढचा चेंडू हनुवटीपाशी उसळतो. मैदानातील गवत वाढलेले असल्यामुळे जमिनीलगत मारलेला चांगला फटका वीस पावलांवर थांबतो. म्हणून फलंदाजाला एक तर चेंडू उचलून मारण्याचे धाडस करावे लागते किंवा दोन-दोन धावा पळून काढाव्या लागतात. अशा खेळपट्टीवर काढलेल्या पंचवीस धावांना आम्ही शतकाचा मान देत असू. मुंबईच्या फलंदाजाला ‘खडूस’ म्हणतात त्या चिवटपणाची शाळा हीच आहे, असे माझ्यासारखे अनेक जण मानतात.

शिवाजी पार्क जिमखाना आणि माटुंग्याचा दादर युनियन यांच्यातील चुरस हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माधव मंत्री, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर ही दादर युनियनची परंपरा. तर विजय मांजरेकर, सुभाष गुप्ते, रमाकांत देसाई, अजित वाडेकर, संदीप पाटील ही नावे शिवाजी पार्कशी जोडलेली. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, तेव्हा आमच्या गल्लीतील वडीलधारी मंडळी कट्ट्यावर ट्रान्झिस्टर घेऊन बसत. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि मला धावसंख्येपेक्षा त्या माणसांचे चेहरे अधिक आठवतात.

मात्र धागाकर्त्यांच्या छायाचित्रात एकाच पायाला पॅड आहे, हे लक्षात घ्यावे. लीगच्या सामन्यात असे सहसा चालत नसे. एका जोडीतील एकेक पॅड दोन फलंदाजांनी बांधायचे, ही सरावाची किंवा मुलांनी आपसांत लावलेल्या सामन्यांची रीत होती. पॅड नेहमी पुढच्या पायाला, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजाच्या डाव्या पायाला असे. त्यामुळे गवतावरून १९४८ नंतरचे वर्ष असा निष्कर्ष काढू नये. पावसाळ्यात मुले त्याआधीही खेळतच होती.

---

दोरीवरची_पकड

क्रिकेटच्या पलीकडेही या मैदानाचा इतिहास आहे, म्हणून लिहिते. मैदान खुले झाले त्याच १९२५ साली श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना झाली. गेली कित्येक दशके ही संस्था मैदानाच्या कडेला मल्लखांब शिकवत आली आहे. मी लहानपणी तेथे दोरीचा मल्लखांब शिकले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मल्लखांबाचे मुख्य प्रकार तीन आहेत. जमिनीत पुरलेला खांब, साखळीला टांगलेला आखूड खांब आणि दोरी. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा असतो, खाली जाड, वर निमुळता होत गेलेला आणि टोकाला बोंड. त्याला एरंडेल चोळतात. हा व्यायाम कुस्तीगिरांच्या पकडीसाठी घडला आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांनी त्याला आकार दिला, अशी आपली परंपरा सांगते. दोरीवर हात-पाय आणि शरीर यांच्या अढ्या घालून आसने घ्यायची असतात, आणि दोरीला मध्ये गाठ नसते. सारा भार त्वचेच्या घर्षणावर पेलायचा असतो. पहिले सहा महिने माझ्या पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यातील कातडी सोलवटलेली असे. आई हळद लावून देई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवी.

२०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच शिवाजी पार्कवर झाली. परदेशी मुले-मुली आमच्या भाषेतील आसनांची नावे उच्चारत खांबावर चढत होती, तेव्हा मी प्रेक्षकांत होते आणि मला डोळ्यांतील पाणी आवरले नाही. या स्पर्धेमागे आयुष्यभराचे कष्ट घेणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. वर अभिलेख यांनी मुलींच्या अनुपस्थितीविषयी लिहिले आहे. मैदानाच्या मध्यभागी ते खरे आहे, पण मैदानाच्या कडेला, दोरीवर, आम्ही होतो.

धागाकर्त्यांना एक विनंती आहे. डाव्या कोपऱ्यातील त्या खांबाकडे भिंगातून पाहा. तो वर निमुळता होत जाऊन टोकाला गोलसर झालेला दिसतो का?

---

दादर_पश्चिम

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका पॅडचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. भिंग शेजाऱ्यांकडून आणून पाहतो आणि कळवतो. दरम्यान एक तपशील देतो: वडिलांचा जन्म १९३५ चा, आणि १९५९ साली ते नोकरीसाठी नागपूरला गेले ते कायमचेच. त्यामुळे पुतळ्याचा आधार सोडला तरी छायाचित्र १९५९ च्या अलीकडचे असणे शक्य नाही.

---

नेटमागचा

या धाग्यावर आचरेकर सरांचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, मोइन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून. पण शिवाजी पार्कवरील त्यांच्या नेटमधून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर, समीर दिघे असे खेळाडू घडले. १९९० साली द्रोणाचार्य आणि २०१० साली पद्मश्री असे सन्मान त्यांना लाभले. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्या स्मारकाचे अनावरण तेंडुलकरांच्या हस्ते याच मैदानावर झाले.

यष्टीवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: दमलेल्या सचिनला जो गोलंदाज बाद करील त्याला नाणे, कोणीच बाद करू शकले नाही तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली आहेत. मला मात्र त्यांच्या निरोपाच्या भाषणातील, १६ नोव्हेंबर २०१३ च्या, दुसऱ्याच आठवणीचे मोल अधिक वाटते. सर त्यांना स्कूटरवर मागे बसवून शिवाजी पार्कपासून आझाद मैदानापर्यंत, एका सामन्यातून दुसऱ्या सामन्याला नेत असत. हे शक्य झाले त्याला कारण मुंबईतील ही मैदाने होती. एकाच मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालत, एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या स्क्वेअर लेगला पाठ लावून उभा असे, आणि म्हणूनच एका मुलाला एका दिवसात दोनदा फलंदाजी मिळत असे. एका संघाला एक मैदान अशी चैन असती, तर तेवढी फलंदाजी कोणालाच मिळाली नसती. बाहेरचे लोक या गर्दीला अव्यवस्था म्हणतात. माझ्या मते प्रशिक्षणाचे खरे साधन तीच होती, कारण शेजारच्या सामन्यातील आरडाओरडा, मध्येच धावत येणारा परका क्षेत्ररक्षक आणि कट्ट्यावरील टीकाकार या सर्वांत चेंडूवरील नजर न हलवणे मुलांना आपोआप जमू लागे.

---

यवतमाळहून

मी क्रिकेट खेळले नाही आणि मुंबईत राहतही नाही, तरी या मैदानाशी माझे नाते आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, आमच्या गावाहून आम्ही चैत्यभूमीला येतो आणि शिवाजी पार्कवर मुक्काम करतो. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, आणि तेव्हापासून येणाऱ्या लाखो लोकांना या मैदानाने जागा दिली. मंडप, पाण्याचे नळ, पुस्तकांची दुकाने, रात्रभर चालणारी भीमगीते हे माझ्या बालपणीचे शिवाजी पार्क. माझी आजी शाळेत गेली नव्हती. तिने आयुष्यातील पहिले पुस्तक याच मैदानावर विकत घेतले आणि ते माझ्याकडून वाचून घेतले.

एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. मैदानालगतच्या रस्त्याला ज्या केळुस्कर गुरुजींचे नाव आहे, त्या कृष्णराव अर्जुन केळुस्करांनीच मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या तरुण भीमरावांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. शिवछत्रपतींचे चरित्रही त्यांनीच लिहिले. त्या रस्त्यावरून चालत आम्ही चैत्यभूमीकडे जातो, हे मला मोठेपणी कळले आणि त्यानंतर तो रस्ता केवळ रस्ता राहिला नाही.

मैदानाचे खेळाव्यतिरिक्त उपयोग म्हणजे मैदानावरील आक्रमण, असा सूर काही वेळा ऐकू येतो. येथे तो कोणी लावलेला नाही, याबद्दल आभारी आहे.

---

नियम_आणि_मैदान

यवतमाळहून लिहिणाऱ्या ताईंच्या मुद्द्याला जोडून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. मैदानाच्या परिसरात शाळा आहेत, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरू शकते. तेथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. रहिवाशांच्या बाजूने दाखल झालेल्या जनहित याचिकेवर २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र असल्याचे स्पष्ट केले. पुढे राज्य सरकारने वर्षातील ४५ दिवस बिगर-क्रीडा कार्यक्रमांसाठी निश्चित केले, त्यांत ६ डिसेंबर, १ मे, २६ जानेवारी यांसारख्या दिवसांचा अंतर्भाव आहे.

या व्यवस्थेवर दोन्ही बाजूंनी टीका झाली, पण तिचा एक परिणाम मला मोलाचा वाटतो. उरलेले ३२० दिवस हे मैदान खेळाचे आहे, ही गोष्ट त्यामुळे प्रथमच कागदावर आली. त्याआधी ती केवळ वहिवाट होती, आणि मुंबईत वहिवाटीच्या भरवशावर राहिलेल्या मोकळ्या जागांचे काय झाले ते आपण सर्व जण जाणतो.

---

माळ्याचा_मुलगा

मी येथे क्वचित लिहितो, पण हा धागा वाचून राहवले नाही. माझे वडील पार्कवरील एका क्लबचे माळी होते. तंबूच्या मागच्या बाजूला आम्ही काही वर्षे राहिलोही. खेळाडूंची नावे सर्वांना पाठ आहेत, म्हणून मी मातीविषयी लिहितो.

पावसाळा संपला की खेळपट्टी पुन्हा घडवावी लागते. खणून, ढेकळे फोडून, चाळलेली माती पसरायची, भरपूर पाणी द्यायचे, आणि वाफसा येण्याची वाट पाहायची. माती बोटाला चिकटत नाही पण दाबली तर ठसा उमटतो, अशी अवस्था आली की आधी हलका रोलर आणि मग जड रोलर फिरवायचा. घाई केली तर वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि खालची माती पोकळ राहते; मग डिसेंबरात खेळपट्टीला भेगा पडतात. हरळीची मुळे मातीला धरून ठेवतात, म्हणून वडील हरळीला हात लावू देत नसत. पहाटे चारला उठून ते पाणी मारत, कारण सहानंतर नळाचा दाब कमी होई आणि साडेसहाला मुले येत. बांबू रोवून दोरी बांधलेली असे, तरी रात्री कोणीतरी त्यातून चालत जाई, आणि सकाळी टाचांचे ठसे बघून वडील काहीही न बोलता पुन्हा पाणी मारत. त्यांनी कधी एकही सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिला नाही, कारण सामना सुरू होण्याच्या सुमारास ते झोपत.

आज मैदानाच्या लाल धुळीविषयी बरेच बोलले जाते. भोवतालच्या घरांत खिडक्या लावून बसावे लागते, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो, हे खरे आहे. महापालिकेने पावसाचे पाणी साठवून मैदानावर फवारण्याची योजना केली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२५ च्या जानेवारीत मातीचा वरचा थर काढण्यास सांगितले, आयआयटी मुंबईचा सल्लाही घेतला गेला. मी शास्त्रज्ञ नाही. पण वडील एक गोष्ट नेहमी सांगत ती लिहितो: गवत रुजायला जागा दोन महिने बिनपावलांची लागते. संपूर्ण पार्कला तसे दोन महिने कधीच मिळत नाहीत, आणि मिळावेत असेही मी म्हणणार नाही, कारण ते दोन महिने कोणत्या मुलांच्या सुटीतून काढायचे? माझी सूचना अशी आहे की मैदानाचे पाच-सहा भाग पाडावेत आणि दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी एकच भाग दोरी बांधून मोकळा ठेवावा. सहा वर्षांत पूर्ण मैदान एकदा विश्रांती घेईल. माती बदलून हे होणार नाही, आणि केवळ पाणी मारूनही होणार नाही.

---

अभिलेख

माळ्याचा_मुलगा यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपल्याकडील मैदानांचे जे इतिहास लिहिले जातात त्यांत खेळाडू येतात, प्रशिक्षक येतात, देणगीदारही येतात. खेळपट्टी घडवणारा माणूस येत नाही. आपल्या वडिलांच्या कामाचा तपशील, रोलरची वजने, पाण्याच्या वेळा, मातीचा स्रोत, जे जे आठवते ते कृपया सविस्तर लिहून ठेवावे. अशा माहितीची नोंद दुसरीकडे कोठेही होत नाही.

पावसाळ्यात एक भाग मोकळा ठेवण्याची सूचना मला व्यवहार्य वाटते. कांगा लीगच्या खेळपट्ट्या वगळून ती कशी बसवता येईल, यावर रविवारची_मॅच यांचे मत वाचायला आवडेल.

---

रविवारची_मॅच

सूचना चांगली आहे, पण एक अडचण सांगतो. प्रत्येक क्लबची खेळपट्टी आणि तंबूची जागा ठरलेली आहे. एका क्लबचा भाग बंद ठेवायचा तर त्या वर्षी शेजारच्या क्लबने आपली खेळपट्टी वाटून घ्यायला हवी. एकमेकांना पॅड, स्टंप, प्रसंगी अकरावा खेळाडूसुद्धा देणारे क्लब मी पाहिले आहेत. तेव्हा खेळपट्टीही देता येईल, मात्र त्यासाठी सर्वांनी एकत्र बसून वेळापत्रक करावे लागेल. पुढील हंगामापूर्वी आमच्या क्लबच्या बैठकीत हा विषय मी स्वतः मांडतो.

---

दादर_पश्चिम

भिंगातून पाहिले. खांब वर निमुळता होत गेला आहे आणि टोकाला स्पष्ट बोंड आहे. दोरीवरची_पकड यांचे अनुमान बरोबर ठरले. तो उघड्यावर पुरलेला मल्लखांबच आहे, आणि त्याच्या पायथ्याशी एक लहान मुलगा वर पाहत उभा आहे, जो मला आधी खांबाचाच भाग वाटला होता.

त्यानंतर छायाचित्र घेऊन मी आत्याकडे गेलो. तिचे वय ८६ आहे आणि दृष्टी अधू झाली आहे, तरी तिने बॅट ताबडतोब ओळखली. ती बॅट गल्लीतील पाच मुलांनी वर्गणी काढून घेतली होती, आणि छायाचित्राच्या दिवशी ती वडिलांकडे होती कारण पाळीप्रमाणे त्या आठवड्यात तिला तेल लावण्याचे काम त्यांचे होते. तिच्या सांगण्याप्रमाणे वडील तेव्हा मॅट्रिकच्या वर्षात होते, म्हणजे साल १९५१ किंवा १९५२ असावे. दुसरे पॅड कोणाच्या पायाला होते हेही तिला आठवते. तो मुलगा पलीकडच्या टोकाला उभा होता, चौकटीच्या बाहेर.

मागच्या इमारतींपैकी उजवीकडून दुसरीच्या कोपऱ्याला गोलाकार गॅलरी आहे. रविवारी सकाळी मी छायाचित्राची प्रत घेऊन कट्ट्यावर फेरी मारणार आहे आणि ती गॅलरी कोठून या कोनातून दिसते ते पाहणार आहे. माळ्याचा_मुलगा यांना शक्य असल्यास त्यांनीही यावे, म्हणजे त्या जागी आता कोणाची खेळपट्टी आहे ते कळेल. साडेसहापूर्वी पोहोचेन, कारण त्यानंतर त्या जागेवर उभे राहू देणार नाहीत.